‘काही केलं नाही तर भ्यायचं कशाला?’ : कॅमेऱ्यांच्या मेसेजला उत्तर

गणपती जवळ आले की तालीम-मंडळांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: पोलिसांचे कॅमेरे, चेहरा ओळखणारी यंत्रणा हे सगळं जनतेला हवंच आहे, त्यानं गुन्हे बंद होतात, कॅमेरा खोटं बोलत नाही आणि ज्यानं काही केलंच नाही त्यानं भ्यायचं कशाला? खाली अंगठ्यांची रांग.

गुन्हे बंद होतात, हे आधी निकालात काढू. बंद होत नाहीत, थोडे कमी होतात. जगभरातल्या 40 वर्षांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेऱ्यांखालच्या भागात गुन्हे साधारण 13 टक्क्यांनी घटलेले दिसले. सर्वाधिक फायदा पार्किंगच्या जागांत झाला, हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम नाही. म्हणजे आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडला लावलेली गाडी कदाचित वाचेल, रात्रीची हाणामारी थांबेलच असं नाही. चोरी झाल्यावर फुटेज कामाला येतं, हे मात्र खरं. त्याला माझी ना नाही.

कॅमेरा खोटं बोलत नाही, कारण तो काहीच बोलत नाही. ‘हा तोच माणूस’ असं ठरवतं ते सॉफ्टवेअर, नाहीतर ठाण्यात बसलेला कोणीतरी. दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकारात उत्तर दिलं की चेहरा 80 टक्के जुळला तर ते जुळला असं धरतात. उरलेल्या 20 टक्क्यांत तुमचा चुलतभाऊही बसू शकतो. तेलंगणातल्या मेदकमध्ये 2023 साली सोनसाखळी चोरीच्या संशयावरून एका मजुराला उचललं. फुटेजमधला माणूस त्याच्यासारखा दिसत होता, एवढंच. कोठडीत मारहाण झाल्याचा आरोप घरच्यांनी केला आणि पुढे काही दिवसांत तो गेला. उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्यानं काय केलं होतं?

आणि ‘भ्यायचं कशाला’ हा प्रश्न निदान कोल्हापुरात तरी कोणी विचारू नये. या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज हजेरी द्यावी लागायची. गुन्हा केला का, हे कोणी विचारत नव्हतं, त्या जातीत जन्म झाला एवढं पुरे होतं. शाहू महाराजांनी 1918 मध्ये ही हजेरी बंद केली. ब्रिटिश मुलखात 1871 साली आलेला, काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा जायला मात्र 1952 उजाडलं. मेसेज पुढे ढकलणारे आपलेच लोक दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार घालतात. चौकातून जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा पोलिसांच्या यादीशी ताडून पाहणं ही हजेरीच आहे, फक्त आता हाक मारत नाहीत.

त्या यादीत कोण असतं? फक्त अट्टल चोर नव्हेत. 2022 च्या कायद्यानं अटक झालेल्यांचीही बोटांचे ठसे, बुबुळं अशी मापं घेता येतात आणि नोंद 75 वर्षं ठेवता येते. निर्दोष सुटलात तर ती पुसायची असते. पुसली का, ते बघायला कोण जातो? शहरातल्या टोलविरोधी आंदोलनात रस्त्यावर उतरलेल्या सरळमार्गी कोल्हापूरकरांवरही गुन्हे दाखल झाले होते. टोल गेला. आज तसं आंदोलन झालं तर?

राहिलं ‘जनतेला हवंच आहे’. बऱ्याच जणांना हवं आहे, हे कबूल. पण कोणाला? कॉमन कॉज ही स्वयंसेवी संस्था आणि सीएसडीएस ही संशोधन संस्था यांनी 2023 चा पोलीसविषयक अहवाल याच विषयावर काढला. त्यात सर्वांत गरीब गटांचा कॅमेऱ्यांना पाठिंबा सगळ्यात कमी दिसतो. संशयितांची शारीरिक मापं पोलिसांनी घ्यावीत, याला आदिवासी आणि मुस्लिम इतरांपेक्षा कमी राजी आहेत. सरकारी कॅमेरे मात्र श्रीमंत वस्तीपेक्षा गरीब वस्तीत तिपटीहून जास्त. अपार्टमेंटच्या गेटवरचा कॅमेरा आपल्या सोसायटीचा असतो. झोपडपट्टीच्या तोंडाशी असतो तो पोलिसांचा. एकाच सवालाला दोन वेगळी उत्तरं का येतात, ते यातच कळतं.

कॅमेऱ्यावर एवढाच विश्वास असेल तर आधी पोलीस ठाण्यांतले कॅमेरे बघू. सर्वोच्च न्यायालयानं 2 डिसेंबर 2020 ला आदेश दिला की प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण हवं, ते 18 महिने जपायचं, तशी सोय नसेल तिथंही निदान एक वर्ष. 2025 मध्ये कोठडीतल्या मृत्यूंची बातमी वाचून त्याच न्यायालयाला ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांचा विषय पुन्हा हाती घ्यावा लागला. तेव्हा ‘भ्यायचं कशाला’ असा मेसेज कोणी फिरवला नाही.

मंडळातल्या पोरांनी अंगठा देण्याऐवजी पोलीस अधीक्षक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. फुटेज किती दिवस राहतं, कोण बघतं, चेहरा ताडायची यंत्रणा वापरता का, वापरत असाल तर किती टक्के जुळल्यावर माणूस उचलता? फी 10 रुपये. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो, त्यामुळे ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांसाठी वेगळा अर्ज करा.