डोळा सोडून सगळा पोपट

मराठीत स्वेटर विणतात, बाज विणतात आणि पैठणीही विणतात. तिन्हीला एकच क्रियापद. माझ्या पुढच्या सगळ्या हालांना हे क्रियापद जबाबदार आहे.

येवल्यात एका विणकराच्या घरी साड्या बघताना मी सहज बोलून गेले, "मलाही विणता येतं हो." यामागे नातवंडांचे स्वेटर आणि कुणी न घातलेला एक मफलर एवढंच भांडवल होतं. मागावरचा दादा जेमतेम तिशीचा. तो हसला असता तर मी वाचले असते. पण तो म्हणाला, "मग बसा की मावशी. साडी आजच उतरवलीये. पुढच्या साडीच्या सांधणीपुरता सोडून वीतभर ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, उरेल, तेवढा तुमचा."

नाशिक-येवला, अर्ध्या तिकिटात, विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे ताटकळत, असे माझे नऊ दिवस गेले. निवृत्तीनंतर बायका चारधाम करतात. मी येवल्याच्या एका खड्ड्यात बसले.

खड्डा हा अलंकार नव्हे. हा माग जमिनीतल्या खड्ड्यावर असतो. काठाशी बसायचं, पाय खाली सोडायचे आणि तिथल्या पावड्या दाबायच्या. पाय सोडणं सोपं होतं. बाहेर येताना एक हात दादाने धरला, दुसरा त्याच्या आईने, आणि चहा घेऊन आलेल्या वहिनींनी कपबशी खाली ठेवून मागून आधार दिला. गणपती विसर्जनाला नेतात तेव्हाही इतका गाजावाजा होत नाही, आणि मी तर उलट दिशेने निघाले होते.

बसण्याआधी बांगड्या, अंगठी, घड्याळ काढून ठेवायला लावलं, कारण रेशमाचा धागा अडकला की तुटतो. मंगळसूत्राचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी वाकले, वाटीत ताण्याचे तीन धागे अडकले आणि तुटले. दादाने चिमटीत धरून, पीळ देऊन ते असे सांधले की कुठे तुटले होते ते मलाच सापडेना. "होतं असं," तो म्हणाला. आवाजावरून असं कुणाचंच होत नसावं.

खरं तर साधं कापड कुणालाही जमेल. पावडी दाबली की ताण्याचे अर्धे धागे वर जातात, अर्धे खाली, मधून आडव्या धाग्याचा धोटा सोडायचा आणि फणीचा ठोका द्यायचा. हे कुणालाही जमणारं काम मला दुसऱ्या दिवशी दुपारी जमलं. पण मला पोपट हवा होता. पैठणीच्या काठा-पदरावर असतो तो, मुनिया. आसावली वेल, बांगडीमोर, अजिंठ्याचं कमळ असं बरंच काही दादाने दाखवलं आणि मग स्वतःच म्हणाला, "तुम्ही आपला पोपटच घ्या."

नक्षी आली की धोटा बाजूला राहतो. रंगागणिक एक तिल्ली, म्हणजे रेशीम गुंडाळलेली छोटी काडी. अंगाचं हिरवं, चोचीचं लाल, गळ्याचं पिवळं, शिवाय पोपटाच्या डावीकडची जरीची तिल्ली वेगळी आणि उजवीकडची वेगळी. प्रत्येक तिल्ली मोजून ठरल्या धाग्यापर्यंत न्यायची, शेजारच्या रंगात अडकवायची आणि मागे फिरवायची. सगळ्या तिल्ल्या फिरल्या की एक ओळ होते. ती केसाएवढी जाड असते. साध्या साडीला महिना का लागतो आणि भरगच्च पदराच्या साडीला वर्षसुद्धा का पुरत नाही, हे पहिल्या पाच ओळींत कळलं. पहिल्या पाच ओळींना सकाळ गेली.

यात माझा अहंकार आडवा आला. मी बँकेत बत्तीस वर्षं कॅशियर होते. मोजणं मला कुणी शिकवायचं? पण नोटा बिचाऱ्या एकाच रंगाच्या थप्पीत येतात आणि मोजताना वरखाली होत नाहीत. शेपटाच्या टोकाशी मी तेविसाव्या धाग्यावर होते आणि नेमका घरून फोन आला. "अगं, हिंगाची डबी कुठे आहे?"

मी सांगितलं, "तिसऱ्या फळीवर, सव्वीस."

"सव्वीस काय?"

खरंच, सव्वीस काय? तिथे पोपटाचं शेपूट तीन धाग्यांनी वाढलं. बँकेत कॅश जुळली नाही तर कुणी घरी जात नसे. इथे लक्षात आलं तेव्हा वर सोळा ओळी चढल्या होत्या. स्वेटर चुकला तर सुई काढून एक टोक ओढलं की भरभर उसवतो, त्यातही एक मजा असते. पैठणी उसवायची तर जशी विणली तशीच, तिल्ली तिल्लीने, उलटी चालत मागे जायचं. विणायला लागला तेवढाच वेळ, वर पिंजलेला धागा बक्षीस.

"मागून गाठ मारून टाकू का?" मी विचारलं. स्वेटरच्या प्रदीर्घ अनुभवातून आलेला प्रश्न होता तो.

दादाने पदराचा एक तुकडा आणून माझ्या हातात दिला. "मागची बाजू कुठली, सांगा."

मी उजेडात धरला, चष्म्याच्या वरून आणि खालून पाहिला. दोन्हीकडे तोच मोर, तितकाच नेटका. एक धागा लोंबत नव्हता. मला खरंच भीती वाटली. कापडाला उलटी बाजू असते या भरवशावर माझं अर्धं आयुष्य चाललं आहे. भरतकामाच्या मागे गुंता, फॉलच्या आत वाकडी टीप, दिवाणखाना चकाचक आणि माळ्यावर नजर टाकू नये अशी स्थिती. या कापडाला माळाच नाही. यंत्रावर विणलेली स्वस्तातली सेमी पैठणी उलटून पाहिली तर मागे बऱ्याचदा धागे लोंबताना दिसतात. हातच्या पैठणीत चूकसुद्धा दोन्ही बाजूंनी सारखीच सुबक दिसते. मी सोळा ओळी उलगडल्या.

दादाची आई दाराशी बसून आसारीवरून, म्हणजे बांबूच्या फिरकीवरून, रेशीम उकलून घेत असायची. येवल्यात संक्रांतीला पतंगाचा दोरा अशाच आसारीवर गुंडाळतात, त्यामुळे हात लहानपणापासून तयार. तिचं बघणं रेशमावर कमी, माझ्यावर जास्त. घरी वेगळाच छळ होता. दार उघडताच रोज एकच प्रश्न, "झाला का पोपट?" आणि मागून मुलाचा आवाज, "कुणाचा?" मराठी भाषेने या पक्ष्यावर अन्याय केला आहे आणि तो नऊ दिवस मी भोगला.

सातव्या दिवशी गिऱ्हाईक आलं. मुलीचं लग्न, चौघीजणी, सोबत कंटाळलेले एक गृहस्थ. साडी पसंत पडली, किंमत ऐकली आणि त्यांतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "एवढी? आमच्याकडे दुकानात अश्शीच चार हजारांत मिळते." दादा नुसता हसला. त्याला सवय असणार. मला नव्हती.

"उलटून बघितली का?" खड्ड्यातून माझा आवाज गेला. सगळ्यांनी आधी छताकडे, मग खाली पाहिलं. मी तिल्लीसकट हात वर केला. "बाई, एक पोपट करायला मला सात दिवस लागले, आणि अजून त्याला डोकं नाही! साडीवर असे किती आहेत ते मोजा, आणि मग बोला चार हजार!"

शांतता पसरली. गृहस्थ एकदम ताजेतवाने झाले. बाईंनी आदराने विचारलं, "मावशी किती वर्षांपासून विणतात?"

"गेल्या शुक्रवारपासून," दादा म्हणाला.

त्याने खोटं बोलायला काही हरकत नव्हती. पण पैठणीवाल्यांना उलटी बाजू ठेवायची सवयच नसते. साडी मात्र त्यांनी घेतली. माझ्यामुळे की माझ्यासमोरून लवकर निघता यावं म्हणून, ते विचारायचं मी टाळलं.

नवव्या दिवशी चार वाजता पोपट पुरा झाला. चोच लाल, गळा पिवळा, शेपूट मोजून बरोबर. पोट जरा सुटलेलं, पण ते खानदानी वाटत होतं. मी दादाला बोलावलं, वहिनींना बोलावलं. आजी आसारी ठेवून उठल्या, ही मोठी गोष्ट. कमरेवर हात ठेवून त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"झोपलाय का गं?"

मी वाकून पाहिलं. डोळा नव्हता. डोळ्यासाठी भरलेली काळी तिल्ली माझ्या मांडीखाली, जिथे ती सकाळी ठेवली होती तिथेच होती. अर्जुनाला म्हणे पक्ष्याचा फक्त डोळा दिसला होता. मला सगळा पोपट दिसला, डोळा सोडून.

"सुईने घालू का एक टाका?" मी हळूच विचारलं.

"मग ते भरतकाम होईल, मावशी."

सहाची बस होती. दादाने पोपटाच्या वर बोटं ठेवून ताणा मोजला. "चार बोटं उरलाय. नुसतं एक डोकं बसेल."

मी मंगळसूत्र पाठीवर टाकलं, फोन बंद करून आजींच्या हातात दिला आणि काळी तिल्ली दातांत धरली.