दोन थ्री पडले म्हणून झोन मोडायचा?

बास्केटबॉल शिकवणाऱ्यांमध्ये सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं सार असं: झोन (माणूस न पकडता आपापली जागा राखायची) हा पळायचा कंटाळा असलेल्या संघाचा बचाव, समोरच्यांचे दोन-तीन थ्री (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) पडले की तो संपला, गुपचूप मॅन-टू-मॅनवर (प्रत्येकानं एकेक माणूस पकडायचा) यायचं, अमेरिकेच्या व्यावसायिक लीगनं, एनबीएनं, झोनवर उगाच बंदी घातली नव्हती, आणि झोनमध्ये रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे परत उडालेले चेंडू) मिळत नाहीत. यातला शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीच्यांबद्दल बोलायला हवं.

बंदीचं आधी उरकून टाकू. पुढे एनबीए झालेल्या लीगनं १९४७ मध्ये झोन बंद केला, कारण रिंगखाली गर्दी व्हायची आणि सामने रटाळ व्हायचे. म्हणजे झोन चालत होता म्हणून बंदी आली. २००१-०२ च्या मोसमात ती उठली, पण सोबत नवा नियम आला: कुणालाही न पकडता बचावपटूनं रिंगसमोरच्या रंगवलेल्या भागात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. आंतरराष्ट्रीय महासंघ फिबाच्या नियमांत ही अट नाही. म्हणजे आपल्याकडच्या सामन्यांत झोन लावणं एनबीएपेक्षा सोपंच आहे.

आता आळस. २-३ झोनमध्ये (पुढे दोन गार्ड; मागे दोन फॉरवर्ड आणि मधे सेंटर) चेंडू वरून विंगवर, म्हणजे कोर्टच्या बाजूला, गेला की मागच्या रांगेतला फॉरवर्ड वर धावतो. तेवढ्यात गार्ड तिथे पोचून त्याला ‘जा खाली’ म्हणतो आणि फॉरवर्डनं कोपऱ्यातला पास पोचायच्या आत कोपरा गाठायचा असतो. त्याच वेळी सेंटर चेंडूच्या बाजूला सरकतो आणि पलीकडचा फॉरवर्ड रिंगखाली येतो. एका पासला पाचही जण हलतात, तेही बोलत. तुमच्या झोनमध्ये पोरं हात वर करून नुसती उभी असतील, तर सरावात काय शिकवलंय ते आधी बघा.

खरा वाद थ्रीचा. थ्री पडला एवढ्यावरून काहीच ठरत नाही. कुणी मारला, कुठून मारला आणि त्याआधीचा पास कुठून आला, हे पाहिल्याशिवाय टाइमआउटमध्ये तोंड उघडू नये.

विंगवरून पडत असतील तर वरचे दोन गार्ड उशिरा पोचताहेत. पहिल्या पासवर फॉरवर्डला धावायला लावा, किंवा थोडा वेळ ३-२ वर (पुढे तीन, मागे दोन) जा; बदल्यात कोपरे उघडे पडतील, हे धरून चाला.

कोपऱ्यातून पडत असतील तर बहुतेक प्रशिक्षक कोपऱ्यातल्या पोरावर ओरडतात. दोष बऱ्याचदा दुसरीकडेच असतो. चेंडू आधी फ्री थ्रो लाइनच्या आसपास, हाय पोस्टला गेलेला असतो. सगळा झोन तिकडे गोळा होतो आणि मग कोपरा मोकळा सापडतो. तेव्हा हाय पोस्टचा पासच अडवा. एका गार्डला त्या माणसाच्या पुढे उभं करा, किंवा सेंटरला वर आणा. सेंटर वर आला तर दूरच्या बाजूच्या फॉरवर्डनं रिंग सांभाळायची, हे आधीच ठरलेलं हवं.

एकच नेमबाज छळत असेल तर बॉक्स-अँड-वन: चौघांचा चौकोन, पाचवा त्या नेमबाजाच्या अंगाला चिकटून. २०१९ च्या एनबीए फायनलच्या दुसऱ्या सामन्यात गोल्डन स्टेटचा क्ले थॉम्पसन जखमी होऊन बाहेर गेल्यावर टोरोंटोचे प्रशिक्षक निक नर्स यांनी त्याचा साथीदार स्टीफन करीवर हेच लावलं. गोल्डन स्टेटला शेवटच्या पाच मिनिटांत एकच बास्केट मिळाली. सामना मात्र त्यांनीच १०९-१०४ असा जिंकला, कारण ती एक बास्केट म्हणजे मोकळ्या सोडलेल्या इग्वाडालाचा थ्री होता. दुसरा भरवशाचा नेमबाज कोर्टवर असताना हा डाव महागात पडतो.

कधी रचना तीच ठेवून माणसं बदलतात. २०२० मध्ये मायामीचे प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्रा यांनी लांब हातांचे, विंगवर खेळणारे खेळाडू पुढच्या रांगेत आणले आणि गार्ड मागे नेले. वरून सहज जाणारे पास अवघड झाले, आणि पूर्व विभागाच्या फायनलमध्ये बॉस्टन ४-२ असं हरलं.

आणि कधी काहीच बदलायचं नसतं. ज्याला मोकळं सोडायचं ठरवलं होतं, त्यानंच दोन मारले तर मारू द्या. प्रशिक्षक जिम बोहाइम यांचा सिरॅक्यूज संघ २-३ घेऊनच २००३ च्या एनसीएए (अमेरिकी कॉलेज स्पर्धा) फायनलमध्ये उतरला होता. अखेरच्या क्षणी ८१-७८ अशी आघाडी असताना कॅन्ससच्या मायकल लीला कोपऱ्यात मोकळा थ्री मिळाला. आतून झेपावलेल्या हकीम वॉरिकनं तो उडवला. कोपरा त्या झोनची दुखरी जागा होती, शेवटपर्यंत राहिली. तिथे कोण आणि किती लवकर पोचणार, याची तयारी मात्र होती.

रिबाउंडचं दुखणं खरंच आहे. मॅन-टू-मॅनमध्ये कुणाला पाठीवर घ्यायचं (अंगानं रिंगपासून अडवून ठेवायचं) ते ठरलेलं असतं, झोनमध्ये नसतं. शॉट सुटला की आपल्या भागातला माणूस शोधून त्याला पाठीवर घ्यायचं, आणि थ्रीवरून लांब उडणारे चेंडू गार्डनी उचलायचे, असा सराव वेगळा घ्यावा लागतो. तरी थोडे रिबाउंड जास्त जातातच.

झोन सोडायचं सगळ्यात पक्कं कारण त्या मजकुरात आलेलंच नाही: घड्याळ. दोन मिनिटं उरलीत आणि तुम्ही आठ गुणांनी मागे आहात, तर समोरचा संघ तुमच्या झोनभोवती २४ सेकंद (शॉट मारायची मुदत) निवांत चेंडू फिरवत बसेल. तेव्हा मात्र बेलाशक प्रत्येकाला आपापला माणूस द्या आणि चेंडूवर तुटून पडा.