दुबई जवळ की गुवाहाटी?

दादाची आई पुढच्या महिन्यात लेकीकडे दुबईला चाललीय. पहिलाच विमानप्रवास, तोही एकटीने. काल कट्ट्यावर दादाने तिकीट दाखवलं: मुंबईहून सकाळी १०:००, दुबईत ११:४५.

"पावणेदोन तास तर आहेत. जेवण नको म्हणून सांगितलं," तो म्हणाला.

मी तिथेच अडवलं. आईला मधुमेह आहे. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे. तिथे पावणेबारा वाजतात तेव्हा आपल्याकडे सव्वा झालेला असतो. म्हणजे सव्वातीन तास, आणि तेही ऐन जेवणाच्या वेळेला.

"मग हे काय?" भाऊने परतीचं तिकीट पुढे केलं. रात्री १० ला दुबईहून निघून अडीचला मुंबई. "येताना साडेचार?"

नाही, येताना तीनच. दुबईत दहा म्हणजे इथे साडेअकरा.

आता खरी जुंपली. अंतर तेच, तर येताना पाव तास कमी का? भाऊचं म्हणणं, उलट हवं. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्यासमोर दुबई आपणहून येते, जातानाच वेळ वाचला पाहिजे. तो हे इतकं ठामपणे बोलला की दोघंतिघं लगेच त्याच्या बाजूचे झाले.

मास्तर मात्र हलले नाहीत. "मुंबईची जमीन तासाला सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरते. तुझं खरं असतं तर हेलिकॉप्टर वर नेऊन सव्वा तास नुसतं थांबवलं असतं, तरी दुबईएवढं अंतर कापून झालं असतं. धावत्या एसटीत उडी मारलीस तर मागच्या सीटवर पडतोस का? हवाही जमिनीबरोबरच फिरते."

मग फरक कशाचा? वाऱ्याचा. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात आणि आपल्या मार्गालाही त्यांचा जोर जाणवतो. मास्तरांनी खडूने कट्ट्यावरच गणित मांडलं. मुंबई-दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. विमानाचा वेग ८५० धरा, वारा १०० चा. जाताना ७५०, येताना ९५०. दोन तास चौतीस मिनिटं आणि दोन तास दोन मिनिटं. झाला अर्ध्या तासाचा फरक! पावसाळ्यात हा प्रवाह हिमालयापलीकडे सरकतो, मग तफावतही घटते. तिकिटावरचा वेळ याहून जास्त दिसतो, कारण त्यात धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं-उतरणं सगळं धरलेलं असतं.

"काहीही म्हणा, परदेश तो परदेश. लांबच," काका म्हणाले. मी सांगितलं, मुंबईहून गुवाहाटी सुमारे २,०७० किलोमीटर आहे, दुबईपेक्षा लांब. काकांना ते पटेना. नकाशावर बोट ठेवून दाखवलं, तरी मान हलेना.

पण काकांच्या बोलण्यातही तथ्य आहे, असं मला वाटतं. आई नाशिकहून निघणार. परदेशी विमानासाठी तीन तास आधी, म्हणजे सातला विमानतळावर. त्यासाठी घर पहाटे अडीचला सोडायचं. दुबईत उतरून पासपोर्टची रांग, सामान. दारापासून दारापर्यंत अकरा-बारा तास सहज. आईच्या गोळ्या आणि जेवण या अकरा-बारा तासांत बसवायचं आहे, पावणेदोनमध्ये नाही.

दादाने तिथूनच फोन लावून मधुमेहींचं जेवण नोंदवलं. मग आईला सांगितलं, "मनगटावरचं घड्याळ बदलू नकोस. ताई भेटेपर्यंत गोळ्या त्याच वेळेनं घे."