भाडेकरू होऊ इच्छिणाऱ्यांस नम्र मार्गदर्शन

हिंगोली, वाशीम, गडचिरोली अशा, नावाने जिल्ह्याच्या पण जिवाने बेताच्या गावी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जाऊन स्वस्त भाड्याची खोली शोधण्याचा आपला विचार असेल, तर सर्वांत आधी तेथे स्वतःच्या नावावर एखादा प्लॉट घेऊन ठेवावा. सूचना विचित्र वाटेल, परंतु सरकारी मदतीची रचना ध्यानात घेता हिच्याइतकी व्यवहार्य सूचना दुसरी नाही. शहरी भागासाठीची प्रधानमंत्री आवास योजना जून 2015 मध्ये आली, 2022 पर्यंत सर्वांना घर देण्याचे तिने ठरवले, आणि सप्टेंबर 2024 पासून तिचा दुसरा टप्पाही सुरू झाला. तीत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला अडीच लाखांपर्यंत अनुदान मिळते. आपल्याजवळ जागा नाही, घर नाही आणि महिन्याला चार हजारांपलीकडे देण्याची ऐपत नाही, म्हणजे खरी गरज आपल्यालाच आहे, असा गैरसमज करून घेऊ नये.

भाड्याच्या घरांचा सरकारला विसर पडला आहे, असेही कोणी म्हणू नये. 2020 च्या टाळेबंदीत लाखो मजूर पायी गावाकडे निघाले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर झाली: सरकारी पैशाने बांधून रिकामी पडलेली घरे भाड्याने द्यायची, नाहीतर संस्थांनी आपल्या जागेवर नवी बांधायची. नगरपालिकेत जाऊन तिची चौकशी अवश्य करावी. टेबलामागचे गृहस्थ आपले सारे शांतपणे ऐकून घेतील आणि घरकुलाचा छापील अर्ज हाती ठेवतील. त्याला जागेच्या मालकीचा उतारा जोडावा लागतो. प्लॉटची सूचना आम्ही उगाच केली नव्हती.

तरीही भाड्यानेच राहण्याचा हट्ट असेल, तर एका संध्याकाळी गावाबाहेरच्या नव्या लेआऊटमध्ये चक्कर मारावी. 2011 च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात 1 कोटी 10 लाखांच्या आसपास घरे रिकामी आढळली होती, त्यांतली काही आपल्याला तेथे प्रत्यक्ष भेटतील: दारावर वास्तुशांतीच्या तोरणाची वाळलेली पाने, जिन्याखाली उरलेल्या फरशांची थप्पी, फाटकाला कुलूप, आणि मालक पुण्यात मुलाकडे. मालकाला बोल लावू नये. मुंबईच्या 1947 च्या भाडे कायद्याने भाडी गोठवली, भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या हलेनात, ही गोष्ट त्याने आजोबांकडून ऐकलेली असते. पुढे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम आला आणि लिव्ह-लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याच्या कराराची, मुदत संपल्यावरही जो जागा सोडत नाही, त्याच्याकडून दुप्पट रक्कम वसूल करण्याची सोय झाली, ही बातमी मात्र कुलपापर्यंत अजून पोहोचलेली नाही.

राहता राहिल्या गावातल्या खोल्या. त्यांच्यासाठी मुलाखत असते आणि तिची तयारी स्पर्धा परीक्षेसारखीच करावी. "कुठले तुम्ही?" या प्रश्नाचा भूगोलाशी फारसा संबंध नाही, हे प्रथम समजून घ्यावे. तालुका सांगितला की आडनाव विचारले जाते, आडनावाने उलगडा झाला नाही तर तिकडच्या एखाद्या पाटलांना ओळखता का, असे विचारले जाते, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर स्वयंपाकात काय काय चालते यावर गाडी येते. उत्तरे पसंत पडली नाहीत तर काकू पदराला हात पुसत म्हणतील, "बघा, आमचं काही नाही हो, पण ह्यांच्या आई आहेत ना घरात." अशा वेळी ती खोली आपल्या डोळ्यांदेखत कालच दुसऱ्या कोणाला दिली गेलेली असते. खिडकीला टांगलेली 'रूम भाड्याने देणे आहे' ही पाटी त्यानंतरही महिनाभर तशीच दिसली, तर काढायची राहून गेली असे समजावे. एकट्या मुलीने वा बाईने खोली मागायला जाताना सोबत वडील, भाऊ किंवा निदान लग्नपत्रिका न्यावी.

खोली मिळालीच, तर कराराचा विषय काढून शुभकार्यात विघ्न आणू नये. लिव्ह-लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, असे 1999 च्या कायद्याचे कलम 55 सांगते. हे कलम पाठ असणारा भाडेकरू कोणालाही आवडत नाही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत आपल्याकडे सूर्य पूर्वेला उगवतो इतक्या खात्रीने सांगितली जाते. महाराष्ट्रात ती खरी नाही. मुद्रांक शुल्क शेकड्याला चार आणे, नोंदणी फी नागरी भागात हजार रुपये. पण मालकाला खुपतो तो खर्च नव्हे, खुपते ती नोंद. नोंद झाली की भाडे उत्पन्नात दिसते, आणि घरात भाडेकरू आहे हे नगरपालिकेला कळले तर घरपट्टी वाढेल ही धास्ती वेगळीच.

आता आपल्या हक्काच्या मदतीकडे वळू. आपण अनुसूचित जातीचे विद्यार्थी असाल आणि सरकारी वसतिगृहात आपला नंबर लागला नसेल, तर स्वाधार योजना आपल्याचसाठी आहे. 2016-17 मध्ये ती सुरू झाली तेव्हा अशा छोट्या जिल्हा ठिकाणी वर्षाला 43,000 रुपये ठरले, त्यांत निवासाचे 12,000, म्हणजे महिन्याला हजार. हजारात खोली कोठे मिळते असे विचारून योजनेचा अवमान करू नये. तिने खोली देऊ केलेली नाही, खोलीला हातभार देऊ केला आहे. तोही वर्ग सुरू होताना मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र आपण भाड्याने राहतो याचा पुरावा जोडावा लागतो, आणि आधीच्या परिच्छेदातला मालक येथे पुन्हा उपयोगी पडतो.

त्याच्याकडे अदबीने जावे. तो मनाने वाईट नाही. करार सोडून काहीही लिहून देईल. बहुधा तोच सुचवेल की, "भाडं-बिडं कशाला लिहायचं, माझा भाचा आहे, माझ्याकडेच राहतो, असं देतो लिहून." ही चिठ्ठी घेऊन समाजकल्याणच्या कार्यालयात गेल्यास, मामाकडे राहणाऱ्याला भाड्याची मदत देता येत नाही, हे तेथील कर्मचारी नियमावर बोट ठेवून समजावतील, आणि त्यांचे काही चुकत नाही. परत आल्यावर मामांना नमस्कार करावा, पाच तारखेला भाडे रोख द्यावे, पावती मागू नये, आणि सबमीटरच्या युनिटांचे पैसे ते सांगतील त्या दराने वेगळे मोजून द्यावेत.