फुकेतच्या यॉटवरील लेख: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

खासगी यॉट घेऊन थायलंडमधल्या फुकेतजवळच्या राचा याई बेटावर आम्ही गेलो होतो, त्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सडेतोड लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. तुमचे आक्षेप असे: एका कुटुंबासाठी अख्खी यॉट घेणं म्हणजे पैशाचा माज; असल्या बोटींचे नांगर पोवळी फोडतात; डिझेलही उगाच जास्त जळतं; भर समुद्रात आचारी नेऊन पंगत मांडायची गरज काय; आणि मासेच बघायचे तर आपलं तारकर्ली काय वाईट?

आधी नांगराचं, कारण तो मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे. नांगर नुसता आदळून थांबत नाही. वाऱ्याने बोट फिरते, तिच्यामागे साखळी तळावर घासत फिरते, आणि मध्ये जे येईल ते मोडतं. गोल, थोराड पोवळं वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. म्हणजे एका दुपारचं नुकसान भरून यायला पिढी जाते. म्हणूनच बोट ठरवताना मी सगळ्यात आधी हेच विचारलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा नांगर न टाकता बोट बांधायचे तरंगते बोये सगळे भरलेले होते. तांडेलाने घाई केली नाही. पाण्याचा रंग बघत आमची कॅटमरान, म्हणजे जोड-सांगाड्याची यॉट, हळूहळू पुढे घेतली, गडद डाग संपून फिकट पोपटी पाणी, म्हणजे खालची स्वच्छ वाळू लागली, तिथे नांगर सोडला. मग एक खलाशी मास्क लावून उतरला आणि नांगर वाळूत रुतलाय, साखळीच्या फेऱ्यात काही येत नाही, हे बघून आला. त्यानंतरच इंजिन बंद झालं.

पैसे मोजले की वाटेल तिथे घुसता येतं, हा समज मात्र चुकीचा आहे. फी फी बेटांवरची माया बे ही खाडी गर्दीने पार खलास झाली होती. थायलंडने ती जून २०१८ मध्ये बंद केली आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडली, तीही नियम बदलून. आता कुठलीच बोट पुढून आत जात नाही. स्पीडबोट असो की कोट्यवधींची यॉट, मागच्या बाजूला लो समाह नावाच्या खाडीत उतरायचं आणि चालत यायचं. पाण्यात पोहायला तिथे बंदीच आहे. काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क त्या उथळ पाण्यात परत आले, ते या कडकपणामुळेच.

आता माजाचं. तुम्हाला वाईट वाटू नये, पण इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. माझ्या आईला पोहता येत नाही. तिचं समुद्र पाहणं आजवर किनाऱ्यावरूनच. ग्रुप टूरच्या स्पीडबोटीवर अमुक मिनिटांत उतरा, तमुक वाजता वर या, असा हिशेब असतो; त्यात गुडघे दुखणारी बाई बोटीतच बसून राहते. आमच्या बोटीला मागे पाण्यापर्यंत पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीवर बसून, कठडा धरून, तिने आधी नुसतं नळीतून श्वास घ्यायला शिकून घेतलं. दोनदा मास्क काढला, पुन्हा लावला. कुणी घड्याळ दाखवलं नाही. मग लाइफ जॅकेट घालून, खलाशाने ओढलेल्या रिंगला धरून तिने डोकं पाण्यात घातलं आणि नळीतूनच जोरात ओरडली, कारण पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे अगदी तिच्या हाताखालून जात होते. भाडं मोजलं ते या सवडीसाठी. ते बोटीचं असतं, माणशी नाही. तीन घरांत वाटून घेतल्यावर ते आम्हाला परवडलं.

जेवणाची तर चैन म्हणावी अशी गोष्टच नव्हती. पोहून आल्यावर भूक सडकून लागते. गरम भात, लिंबू-मिरचीत वाफवलेला मासा, कलिंगड. शाकाहारी मंडळींनी मात्र ‘जे’, म्हणजे थाई पद्धतीचं पूर्ण शाकाहारी जेवण हवं असं आधीच सांगावं. नाहीतर नुसत्या भाजीतही माशाचं पाणी नाहीतर कोळंबीची पेस्ट येते.

तारकर्लीला वाईट मी कधीच म्हटलं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळची पोवळी बघूनच मला हा नाद लागला. पण तिथे फोटोसाठी पाण्यात ब्रेड कुस्करतात, ते थांबायलाच हवं. शेवाळ खाऊन पोवळी स्वच्छ ठेवणारे मासे ब्रेडच्या मागे लागले, की शेवाळ माजतं.

डिझेलबद्दल तुमचं बरोबर आहे. माणशी हिशेब केला तर खासगी बोट भरलेल्या बोटीपेक्षा जास्त जाळते, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही.

शेवटी, मुलांना घेऊन मे अखेरीस फुकेतला जाताय असं तुम्ही लिहिलंय, त्याबद्दल. तेव्हा नैऋत्य मोसमी वारे सुरू झालेले असतात आणि त्याच समुद्रातली सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. जुलै २०१८ मध्ये याच फुकेतजवळ ‘फिनिक्स’ ही पर्यटक बोट वादळात बुडून ४७ माणसं गेली. म्हणून लाल बावटा असेल तर बुकिंगचे पैसे बुडाले तरी बोटीत चढू नका. मुलांना मासेच दाखवायचे असतील तर पलीकडे थायलंडच्या आखातातलं को ताओ बघा. त्या दिवसांत तिकडचं पाणी सहसा शांत असतं. आणि सनस्क्रीनऐवजी लांब बाह्यांचे पोहायचे कपडे न्या. ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट ही पोवळ्यांना घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून बंदी आहे, आणि दंड एक लाख बाहतपर्यंत होऊ शकतो.