हॅश तोच, पॅकेज नवं

फोंड्यात सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला तेव्हा माझ्या प्रोग्रॅमचा बिल्ड (कोडची जुळणी) लावला होता. पाव खाऊन झाले, चहा निवला, बिल्ड अजून रडतोय. कारण? हॅशिंग, म्हणजे डेटाचा ठराविक लांबीचा ठसा काढणं!

हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत त्यासाठी आधी ‘क्रिप्टोहॅश’ हे पॅकेज होतं. ते सोडा, ‘क्रिप्टोनाइट’ घ्या म्हणाले. घेतलं. मग त्याचीही देखभाल थांबली, आता त्याच्याच कोडवरून निघालेला फोर्क (नवी शाखा) ‘क्रिप्टॉन’. मॉड्यूलची नावं तीच, पण माझी एक डिपेंडन्सी (मी वापरतो ती दुसऱ्याची लायब्ररी) जुनं मागते, दुसरी नवं, आणि दोघींचे ‘डायजेस्ट’ (हॅशचं उत्तर) टाइप एकमेकांना ओळखतच नाहीत. सख्खे भाऊ, वाटणीनंतर बोलणं बंद!

अहो, एसएचए-२५६ ही हॅश काढायची पद्धत बदललीय का? ६४ बाइटचा ब्लॉक, ६४ फेऱ्या. अजून तेवढंच आहे. शुद्ध हास्केलमध्ये लिहावं तर थंक (पुढे ढकललेली गणितं) साठतात, वेग मरतो. म्हणून आत मुकाट्यानं सी भाषेतला कोड. म्हणजे टाइपांचे सोवळे बाहेर, स्वयंपाक सी करणार. (चांगला करतो, हे मान्य.) आणि हे सगळं फुकटात सांभाळणारी माणसं मूठभर, त्यांना तरी काय बोलणार?

म्हणून पॅकेजांची यादी असलेल्या कॅबल फाइलवरच डाफरतोय. आणि आता, पाऊस सुरू होताच, वीजही गेली.