चिंचेचा पाला खाल्लाय आम्ही पण
तुमची कथा आवडली, पण त्यात राजा मानसिंह तोमरच्या दरबारातला तो पोरगा एका रात्रीत जादूने उस्ताद होतो हे काही पटलं नाही बुवा. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, तानसेनच्या समाधीजवळची चिंच आम्हाला नवीन नाही (तिचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात), मी अकरा वर्षांची असताना गाण्याच्या परीक्षेआधी आजीने टेंपोत बसवून तिथे नेलं आणि पाला तोंडात कोंबला, "चाव नीट, थुंकू नकोस", दात आंबले नुसते, आणि परीक्षेत भूप रागात चक्क मध्यम लागला, जो त्यात वर्ज्यच असतो 😄 आजी म्हणे पाला जून होता!

त्यापेक्षा ग्वाल्हेर घराण्याचे गवई भाऊ हद्दू-हस्सू खाँ यांची गोष्ट घ्या ना. दरबारी गवई बडे मोहम्मद खाँची तान शिकवणार कोण, तर म्हणतात शिंद्यांच्या दरबारात ही पोरं लपून महिनोन्महिने त्यांचं गाणं ऐकत बसली आणि एक दिवस तेच त्यांच्यासमोर गाऊन दाखवलं. चोरी ती चोरीच, पण घोटली किती असेल!

पुढच्या भागात पोराला निदान एक सकाळ खर्ज (खालचे सूर) लावायला बसवा. आणि हो, गूजरी महाल किल्ल्याच्या पायथ्याशी आहे, वर नाही, तेवढं बदला.